मिठाच्या डब्यात साखर: घरातल्या अबोल रागाचा छोटा सिनेमा कसा करावा

घरगुती सिनेमा स्वस्तात होतो, असा एक समज आहे. चार नट, एक घर, एक कॅमेरा, झालं. पैसा खरंच कमी लागतो. पण अशी बहुतेक फिल्म विसाव्या मिनिटाला एकाच जागी कोसळते: कोणीतरी उठतं आणि गेल्या वीस वर्षांचं सगळं एका दमात बोलून टाकतं. त्याआधी जे काही दिसत होतं ते तिथंच संपतं. खऱ्या घरात तो माणूस उठत नाही. तो ताटातली कढी संपवतो आणि हात धुवायला जातो. ते चित्रित कसं करायचं, त्याचीच ही कृती आहे. साधारण २५ मिनिटांची फिल्म, नागपुरातलं एक घर आणि पाच माणसं धरली आहेत.

उदाहरण म्हणून घर ठरवून घेऊ. त्रिमूर्तीनगरकडचं ले-आउटमधलं घर, वडिलांनी ऐंशीच्या दशकात स्वतःच्या पगारातून बांधलेलं. समोर ग्रिलची छपरी, आत बंगई, म्हणजे झोपाळा. वरचा मजला थोरल्यानं नंतर चढवला. वडील दोन वर्षांमागं गेले. आई, थोरला आणि वहिनी तिथं राहतात. धाकट्याचा मनीषनगरला फ्लॅट आहे, बहीण पुण्याला. महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींसाठी, सगळे जमतात. थोरल्याच्या कपाटात बहिणीच्या हक्कसोडपत्राचा, म्हणजे घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदाचा, मसुदा तयार आहे.

महालक्ष्म्या निवडण्यात सोय आहे. आवाहन, पूजन, विसर्जन हे तीन दिवस म्हणजे पटकथेचे तीन भाग आयते मिळतात. येण्याजाण्याची कारणं शोधावी लागत नाहीत, कामं ठरलेली असतात, आणि मुखवटे पुढच्या वर्षी कोणाच्या घरी उभे राहणार हा प्रश्न कोणी न विचारताही घरभर फिरत राहतो.

आधी हिशेबाची वही

पटकथेच्या आधी प्रत्येक पात्राच्या नावानं वहीचं एक पान करा. त्यावर तीनच गोष्टी: मी काय केलं, मला काय मिळालं नाही, आणि दुसऱ्यांना माझ्याबद्दल काय वाटतं असं मला वाटतं. प्रत्येक नोंदीला साल आणि आकडा हवा. ‘दादानं बाबांचं सगळं केलं’ ही नोंद कुचकामी. ‘चार वर्षं, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेलं, त्यात दोन बढत्या नाकारल्या’ ही नोंद कामाची. घरातला राग नेहमी आकड्यात साठतो. लग्नात कोणाला किती तोळे, कोणाच्या शिक्षणाला कोणती एफडी मोडली, दवाखान्यात कोण किती रात्री झोपलं.

एकाच घटनेची पाचही पानांवर वेगवेगळी नोंद झाली पाहिजे. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी पीएफमधून पैसे काढले. थोरल्याच्या पानावर ते ‘तिचा वाटा तेव्हाच गेला’ असं असेल. बहिणीच्या पानावर ते नसेलच, कारण तिला कोणी सांगितलेलंच नाही. आईच्या पानावर पैशांऐवजी त्या वर्षी मोडलेल्या पाटल्या असतील. एखादं पान लिहिताना त्या माणसाची बाजू तुम्हाला शंभर टक्के पटली नाही, तर ते पात्र पुढे खलनायक होणार हे नक्की. तिथंच थांबून पान पुन्हा लिहा.

स्वतःच्या घरातलं भांडण जसंच्या तसं घेऊ नका. नातेवाईक रागावतील हे कारण दुय्यम आहे. खरं कारण असं की त्या भांडणात तुमची बाजू आधीच ठरलेली असते, आणि चार पानं वकिली थाटात लिहिली जातात.

इथं कायदाही नीट माहीत हवा, कारण मराठी पटकथांमध्ये हमखास चूक इथं होते. मुलीला हक्क २००५ साली मिळाला, असं सरसकट लिहिलं जातं. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घराचा प्रश्न असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीनं वारस आहे, आणि विधवाही. म्हणजे आपल्या घरात चार सारखे हिस्से होतात: आई, थोरला, धाकटा, बहीण. बहिणीनं सोडायचा तो पाव हिस्सा. आईचाही पाव हिस्सा आहे, पण तिला कोणी काही विचारत नाही. आणि जिनं सासऱ्यांचं चार वर्षांचं आजारपण काढलं त्या वहिनीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. फिल्मचं सगळं वजन या दोन बायकांवर येतं, बहीणभावाचा वाद वरवरचा आहे. हे वही लिहिताना कळलं तर उत्तम, एडिटिंगला कळलं तर उशीर झालेला असतो.

आणखी एक बारकावा. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र घरी सही करून पुरं होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची नोंदणी करावी लागते, तिथं फोटो आणि अंगठा घेतला जातो. त्यामुळे ‘जेवणाच्या टेबलावर सही आणि दृश्य समाप्त’ असं लिहू नका. नागपुरात घराच्या कागदांत बहुधा आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीचा सरकारी उतारा, असते. फाइल दाखवायची असेल तर वर तीच दिसू द्या.

भांडण पूर्ण लिहा, मग काढून टाका

आता ते मोठं भांडण लिहाच. सहासात पानं, कोणी कोणाला सोडायचं नाही. तालमीत ते एकदा, फक्त एकदाच, पूर्ण आवाजात करून घ्या. मग ती पानं बाजूला ठेवा. फिल्ममध्ये त्यातलं जास्तीत जास्त एक वाक्य येईल, तेही शेवटाकडे आणि चुकीच्या माणसासमोर. नटांच्या अंगात ते भांडण राहतं, आणि नंतर ‘मीठ दे’ म्हणतानाही ऐकू येतं.

काढलेल्या शब्दांच्या जागी वस्तू आणि काम ठेवायचं. आधीचं लिखाण असं असेल:

बहीण: तुम्ही मला या घरात परकं केलंत.
वहिनी: तुम्ही वर्षातून दोनदा येता, मी रोज राबते.

त्याच जागी:

वहिनी: बसा ना ताई. मी वाढून राहिली ना.
बहीण: अहो, तुम्ही पण बसा. मी घेते हातानं.
वहिनी: राहू द्या. कुठं काय ठेवलं, सापडणार नाही तुम्हाला.
(थोरला मीठ मागतो. बहीण उठते, फळीवरचा तिसरा डबा न बघता काढते, झाकण उघडते. आत साखर आहे. ती झाकण लावते. वहिनी ओट्यावरची मिठाची बरणी पुढे करते.)

अशी वस्तू निवडताना दोन गोष्टी तपासा. दृश्यात त्या वस्तूचं खरंच काम आहे का? मीठ हवंच होतं, म्हणून डबा चालतो. कपाटावरचा वडिलांचा चष्मा मुद्दाम उचलून बघणं चालत नाही. आणि ती वस्तू फिल्ममध्ये निदान तीनदा हातातून हातात जाते का? पहिल्या वेळी तिचा क्लोजअप घेऊ नका. प्रेक्षकानं ती ओझरती पाहिलेली असावी.

शांतता लिहायची पद्धतही बदला. कंसात ‘शांतता’ लिहिलं की नट शून्यात बघतो. काय चाललंय ते लिहा: ती वाटाणे सोलते, आधी भरभर, मग एकेक. आपल्याकडे वाढण्यातच केवढी भाषा आहे! कोणाला आग्रह होतो, कोणाला नुसतं विचारलं जातं, कोणाच्या पोळीवर तूप न विचारता पडतं, कोण ताटावर हात आडवा धरतं. ‘पाहुण्या तुम्ही’ हे बोलणं माहेरवाशिणीला शिवीपेक्षा जास्त लागतं.

बोली जपून वापरा. ‘करून राहिली’, ‘काहून’, ‘होते ना’ एवढ्यानं नागपूर ऐकू येतं. प्रत्येक वाक्यात ‘बे’ घातला की नकला होतात. मोठ्यांशी बोलताना तर तो येतच नाही. बहीण वीस वर्षं पुण्यात आहे, तिचं ‘करतीये’ झालेलं असणार. शेवटच्या दिवशी आईशी बोलताना तिच्या तोंडून ‘काहून’ निघालं, तर त्यावर पार्श्वसंगीताची गरज नाही.

पानांचा हिशेब: एक पान म्हणजे एक मिनिट हा नियम इथं चालत नाही. अर्ध्या पानाचं स्वयंपाकघरातलं दृश्य दोन मिनिटं घेतं. २५ मिनिटांसाठी १७-१८ पानं पुरतात. स्टॉपवॉच लावून, कामं हातांनी करत मोठ्यानं वाचा.

नट

राज्य नाट्य स्पर्धेमुळे नागपुरात तयारीचे हौशी नट बरेच मिळतात. त्यांची अडचण एकच: आवाज शेवटच्या रांगेसाठी कमावलेला असतो. ‘हळू बोला’ सांगून ते जात नाही, मग ते कुजबुजतात. समोरच्या नटाला तीन फुटांवर बसवा आणि दोघांच्या हाताला काम द्या. भाजी निवडताना कोणी फेकून बोलत नाही.

तालमीला सहा दिवस ठेवा. पहिले दोन दिवस संहिता द्यायचीच नाही; पाचही जणांनी मिळून पुरणपोळ्या करायच्या. प्रत्येकाला फक्त स्वतःचं हिशेबाचं पान द्या. दुसऱ्याचं पान कोणी वाचायचं नाही, शूटिंग संपेपर्यंतसुद्धा. भावंडं दिसायला सारखी नसली तरी चालतात. एखादी लकब तिघांना सारखी द्या. जेवण झाल्यावर वाटी ताटात पालथी घालणं, एवढं पुरतं.

पंगत

या सिनेमाचं सर्वांत अवघड दृश्य पंगतीचं, त्याला पूर्ण दिवस द्या. टेबलाभोवती माणसं समोरासमोर असतात, नजरा भिडतात. जमिनीवरच्या पंगतीत सगळे एका रेषेत बसतात आणि कोणालाच शेजाऱ्याचा चेहरा नीट दिसत नाही. सगळ्यांचे चेहरे एकाच माणसाला दिसतात: वाढणाऱ्या वहिनीला. टेबल असलं तरी पूजनाच्या दिवशी पाटावर बसवा.

खोली साधारण १०×१२ फुटांची असते. चौघांच्या पंगतीला माणशी अडीच फूट धरून दहा फूट लागतात. ती बारा फुटी भिंतीला लावली की समोर जेमतेम सात फूट उरतात. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स दहा फुटांवरून साधारण दहा फूट रुंदी पकडते, ५० एमएम सात फूट. म्हणजे सगळी पंगत हवी तर कॅमेरा दारातून पलीकडच्या खोलीत न्यावा लागणार. न्याच. दाराची चौकट फ्रेममध्ये राहू द्या. सात फुटांतच भागवायचं म्हणून २० एमएम लावू नका, कडेची माणसं ताणली जातात आणि घर हॉलसारखं दिसतं. कॅमेऱ्याची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी, जमिनीपासून सव्वादोन-अडीच फूट. उभ्यानं घेतलेल्या पंगतीत फक्त टाळू दिसतात.

पण खरा शॉट पंगतीच्या टोकाकडून, ५० एमएमनं. चारही चेहरे एकामागे एक येतात. लेन्सचं छिद्र एफ ४ वर ठेवलं तर पाच फुटांवर जेमतेम आठ इंच खोली फोकसमध्ये राहते, म्हणजे एकच चेहरा. तो बोलणाऱ्याचा नको, ऐकणाऱ्याचा ठेवा. दोन चेहरे स्पष्ट हवे असतील तर एफ ८ च्या पुढे जावं लागेल आणि तेवढा उजेड त्या खोलीत नसतो.

कॅमेऱ्याच्या पाच जागा, प्रत्येकी चार टेक, म्हणजे वीस वेळा जेवण. चौघांनी दर वेळी पाव पोळी खाल्ली तरी वीस पोळ्या, आणि दर टेकला वाढायची एक धरून आणखी वीस. चाळीसच्या खाली करू नका. घास लहान घ्यायला सांगा, आणि कोणत्या शब्दावर घास तोंडात जातो ते पहिल्याच टेकला ठरवून लिहून ठेवा. नाहीतर एडिटिंगला पोळी वाढत-घटत राहते. दर टेकनंतर चारही ताटांचा वरून फोटो. कढीवर साय धरते, वाट्या दर वेळी बदला. नैवेद्याचं ताट आहे, कोशिंबिरीत कांदा दिसला तर इथल्या बायका फिल्म तिथंच बंद करतील.

ऐकणाऱ्यांचे क्लोजअप सकाळी, नट ताजे असताना घ्या. बहुतेक जण ते शेवटी, उजेड जाताना उरकतात, आणि या फिल्मचा तोच जीव असतो. कॅमेऱ्याबाहेरची वाक्यं त्याच नटानं बोलायची, सहायकानं कागदावरून वाचायची नाहीत. एका टेकला त्या नटाला संहिता सोडून हिशेबाच्या पानावरची एक ओळ बोलू द्या. समोरच्याला ते आधी सांगू नका. शेवटच्या वाक्यानंतर मनात दहा मोजून मगच ‘कट’.

आवाज आणि उजेड

मोझॅकची फरशी आणि कोऱ्या भिंती यांत लांब शॉटगन माइक घुमतो. आखूड हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक, डोक्यावर दीड-दोन फुटांवर आणा, आणि फ्रेमबाहेर जमिनीवर सतरंज्या, दारावर रजया टाका. काठपदर साडीत लावलेला कॉलर माइक खसखसतो. ब्लाउजच्या आतून टेपनं पक्का करा. काचेच्या बांगड्यांची किणकिण वहिनीचा आवाज आहे, पण संवादावर आली की काढता येत नाही. बोलायच्या टेकला बांगड्या दोऱ्यानं एकत्र बांधा, आणि वाढतानाची किणकिण वेगळी रेकॉर्ड करा. बंगईच्या कड्यांची कुरकुरही तशीच वेगळी घ्या. आई फार बोलत नाही, तिच्याऐवजी बंगई बोलेल.

फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे जाताना सुरू करायचं विसरत नाही. उन्हाळ्यात शूटिंग असेल तर कूलर बंद ठेवून पाचसात मिनिटांचेच टेक घ्या. चालू कूलरवर घेतलेले संवाद जोडताना दर कटला घरघर उडी मारते. तीच घरघर दोन मिनिटं वेगळी घेऊन खाली सलग पसरता येते. प्रत्येक खोलीचा नुसता मिनिटभराचा आवाज घ्यायला विसरू नका. गप्प बसलेल्या माणसांमागे तोच असतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून २४ किंवा २५ फ्रेम काहीही असो, शटर १/५० सेकंदावर ठेवा. स्वस्त एलईडी पट्ट्या तरीही लकलकतात; आदल्या दिवशी तपासून बदला. स्वयंपाकघरात पिवळा दिवा, बैठकीत पांढरी ट्यूब, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगाचं संतुलन) हातानं ४३०० केल्विनच्या आसपास. वहिनी एका रंगात, बाकीचे दुसऱ्या रंगात. कोणाला जाणवत नाही, पण दिसतं.

महालक्ष्म्या भाद्रपदात येतात, शूटिंग मात्र अनेकदा हिवाळ्यात होतं. मग सूर्य दक्षिणेला खाली असतो, ऊन खिडकीतून खोलवर येतं. तिथं चादर बांधा. पंखे फिरते ठेवा, पण सगळ्या शॉटांत त्याच गतीनं, नाहीतर पदर उडतो आणि थांबतो. डिसेंबरात साडेपाचलाच उजेड संपतो, शिवाय विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत गाड्या आणि हॉटेलच्या खोल्या मिळणं अवघड होतं. जानेवारी बरा. कोणाच्या देवघरातले मुखवटे मागू नका, महालात चितारओळीतल्या मूर्तिकारांकडून हंगामात जोडी करून घेऊन ठेवा.

एडिटिंग

पहिला कट झाला की प्रत्येक प्रश्नामागचं उत्तर काढून बघा. ‘किती दिवस आहेस?’ यानंतर बहिणीचा चेहरा, आणि पुढचं दृश्य. दहापैकी सहा ठिकाणी उत्तराशिवायच बरं लागतं. उरलेल्या ठिकाणी परत घाला, कोड्यात बोलणाऱ्यांची फिल्म होऊ देऊ नका. मग आवाज बंद करून पंगत बघा. कोण कोणावर रुसलंय हे नुसत्या चित्रावरून कळत नसेल, तर ऐकणाऱ्यांचे शॉट कमी पडलेत.

सापडलेलं पत्र, अचानकचा हार्ट अटॅक, आणि सोफ्यावर बसून ‘तो दिवस मला अजून आठवतो’ म्हणत सुरू होणारी जुनी आठवण, हे तिन्ही कटमध्ये असतील तर काढा. वर सांगितलेलं विसाव्या मिनिटाचं भाषण बहुधा चौथ्या रूपात परत आलेलं असतं: वॉइसओव्हर.

तयार झालं की पाचसहा जणांना दाखवा, त्यांत निदान दोन सासरी नांदलेल्या बायका असू द्या. आवडली का, हे विचारू नका. चूक कोणाची, एवढंच प्रत्येकाला वेगळं विचारा. सगळ्यांनी थोरल्याचं नाव घेतलं तर त्याचं हिशेबाचं पान पडद्यावर आलेलं नाही; त्याची दवाखान्याची फाइल, गोळ्यांचा डबा, रिकामी खाट असं काहीतरी वाढवावं लागेल. त्यासाठी त्या घराचा एक जास्तीचा दिवस आधीच बोलून ठेवा, आणि तोपर्यंत साखरेचा डबा, वहिनीच्या बांगड्या आणि चारही ताटं कोणाला परत करू नका.